प्रवासातील पडदा : व्हिडिओ प्लेअरची निवड

वस्तू विकत घेताना तिच्या गुणांची यादी विक्रेता आपल्यापुढे तत्परतेने मांडतो आणि आपल्या गरजांची यादी मात्र आपण घरीच ठेवून आलेलो असतो, असा प्रकार ज्या जिनसांच्या बाबतीत हटकून घडतो, त्यांत प्रवासात न्यावयाच्या व्हिडिओ प्लेअरची गणना अवश्य करावी लागेल. दुकानातील थंड हवेत, मंद प्रकाशात आणि स्थिर मेजावर ठेवलेल्या पडद्यावर कोणतेही चित्र मनोहर दिसते. परंतु तेच यंत्र मे महिन्याच्या दुपारी धावत्या गाडीच्या मागल्या आसनावर, एका बाजूने ऊन, दुसऱ्या बाजूने दोन मुलांची ओढाताण आणि खालून रस्त्याचे धक्के सोशीत असताना जे दाखवील, ते त्याचे खरे रूप होय. म्हणून निवडीचा आरंभ प्रवासापासून करावा. अंतर किती, रस्ता कोणता, माणसे किती, मुले कोणत्या वयाची, गाडीत विजेची सोय काय, या प्रश्नांची उत्तरे आधी कागदावर उतरवावीत आणि मग बाजाराची पायरी चढावी, हे या प्रकरणाचे मुख्य प्रतिपादन आहे.

चित्रपटाने प्रेक्षकापाशी चालत यावे, ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. जत्रेच्या मैदानात तंबू ठोकून खेळ लावणाऱ्या टूरिंग टॉकीजांनी ती गावोगाव प्रत्यक्षात आणली होती. मात्र पडदा, चित्राचा साठा आणि ध्वनी ही तिन्ही अंगे एका माणसाच्या हातात मावण्यास विसाव्या शतकाची अखेर यावी लागली. १९८८ साली सोनी कंपनीने ‘व्हिडिओ वॉकमन’ बाजारात आणला. त्यात ८ मिलिमीटर रुंदीच्या फितीची कॅसेट चाले आणि चित्र अवघ्या ३ इंची पडद्यावर उमटे. १९९६ साली जपानात डीव्हीडी विक्रीस आली आणि दोनच वर्षांत पॅनासॉनिकने ५.८ इंची पडद्याचा, हातात धरता येणारा डीव्हीडी प्लेअर काढला. पुढे आतल्या साठ्यातून चित्र दाखवणाऱ्या खिशातल्या यंत्रांची पिढी आली. २००५ साली ॲपलच्या आयपॉडनेही आपल्या २.५ इंची पडद्यावर व्हिडिओ दाखवण्यास प्रारंभ केला. २०१० साली आयपॅड आल्यावर टॅबलेटचा प्रसार झपाट्याने झाला. आज ग्राहकासमोर तबकडीचा प्लेअर, पेनड्राइव्ह किंवा मेमरी कार्डावर चालणारा प्लेअर आणि टॅबलेट असे तीन पर्याय आहेत, आणि तिघांचेही आपापले गुणदोष आहेत.

ज्यांच्या कपाटात मराठी चित्रपटांच्या, नाटकांच्या आणि बालगीतांच्या तबकड्या वर्षानुवर्षे साठल्या आहेत, त्यांनी तबकडीचा प्लेअर कालबाह्य म्हणून झटकून टाकण्याची घाई करू नये. संग्रह तयार आहे, त्याला इंटरनेट लागत नाही आणि लहान मूलही तबकडी ओळखून स्वतः लावू शकते. परंतु तबकडीचे तंत्र धक्क्यांना नाजूक असते, हे विसरून चालणार नाही. डीव्हीडीवरील माहितीची रेषा सर्पिलाकार असून तिच्या दोन वेढ्यांमधील अंतर ०.७४ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. इतक्या सूक्ष्म रेषेवर लेसरचा किरण अचूक ठेवण्यासाठी भिंगाला विद्युत्‌चुंबकाच्या साहाय्याने क्षणोक्षणी सावरावे लागते, आणि खड्ड्यात चाक आदळले की ते रेषेवरून ढळते. चांगल्या प्लेअरमध्ये पुढील काही सेकंदांचे चित्र आगाऊ वाचून स्मृतीत साठवण्याची तजवीज असते, त्यामुळे किरण पुन्हा रेषेवर येईपर्यंत चित्र अखंड राहते. हलक्या प्लेअरमध्ये ते गोठते अथवा पुढे उडी मारते. ज्यांचा नेहमीचा रस्ता खराब आहे, त्यांनी यंत्र घेताना धक्कारोधक स्मृतीची स्पष्ट चौकशी करावी, किंवा ज्यात फिरणारा भागच नाही असा प्लेअर पसंत करावा.

तबकड्यांच्या बाबतीत आणखी एक अडसर आहे आणि परदेशस्थ मराठी कुटुंबांना तो विशेष जाणवतो. चित्रपट कंपन्यांनी जगाचे विभाग पाडून तबकडी आणि प्लेअर यांवर विभागक्रमांक घातले. अमेरिका व कॅनडा यांचा क्रमांक १, युरोप व जपान यांचा २ आणि भारताचा ५. विभाग ५ ची तबकडी विभाग १ च्या प्लेअरवर चालत नाही. त्यातच भारतात आणि युरोपात सेकंदाला २५ चित्रे दाखवणारी पाल पद्धती, तर अमेरिकेत सुमारे ३० चित्रे दाखवणारी एनटीएससी पद्धती रूढ झाली. भारतीय चित्रपटांच्या पुष्कळ तबकड्या सर्व विभागांसाठी खुल्या ठेवलेल्या असतात हे खरे. तथापि नातवंडांसाठी पुण्याहून न्यू जर्सीला नेलेली प्रत्येक तबकडी तिथल्या प्लेअरवर चालेलच, असा भरवसा धरता येत नाही. यास्तव दोन्ही पद्धती वाचणारा आणि सर्व विभागांना मुभा देणारा प्लेअर घेणे हे दूरदृष्टीचे होय. व्हीसीडी नावाची जुनी तबकडी ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी तिच्या मर्यादाही जाणाव्यात; तिच्यातील चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे आणि एका तबकडीवर सुमारे ७४ मिनिटांचेच असल्यामुळे एक मराठी चित्रपट दोन किंवा तीन तबकड्यांवर विभागून येत असे, आणि पडदा कितीही मोठा घेतला तरी त्या चित्रात नसलेला बारकावा त्यावर दिसणार नाही.

कार्डावर किंवा पेनड्राइव्हवर चालणाऱ्या प्लेअरला धक्क्यांचे भय नाही. सेकंदाला २ मेगाबिट या मध्यम प्रतीने साठवलेला दोन तासांचा चित्रपट सुमारे १.८ गिगाबाइट जागा व्यापतो, म्हणजे ३२ गिगाबाइटच्या कार्डात सोळा चित्रपट निर्धास्त मावतात. एका कुटुंबाच्या सुट्टीला हा साठा पुरून उरावा. येथे अडचणी येतात त्या साठवणुकीच्या पद्धतीच्या. अनेक स्वस्त प्लेअर फॅट३२ या पद्धतीने तयार केलेलीच कार्डे वाचतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ गिगाबाइटपेक्षा मोठी ठेवता येत नाही. उच्च प्रतीचा मोठा चित्रपट अशा कार्डावर उतरत नाही आणि ग्राहक दोष यंत्राला देतो. त्याचप्रमाणे पुष्कळ प्लेअरांत देवनागरी अक्षरांची सोयच नसते. मराठी नावाने ठेवलेल्या फाइलींच्या जागी चौकोनांच्या ओळी दिसतात आणि मराठी उपशीर्षकांतील जोडाक्षरे तुटतात. फाइलींना क्रमांक द्यावेत आणि क्रमांकांची मराठी यादी कागदावर लिहून यंत्राच्या पिशवीत ठेवावी, हा यावरचा सोपा इलाज आहे.

टॅबलेटवर हे अडथळे नसतात. मराठी उत्तम दिसते आणि तोच टॅबलेट घरी अभ्यासालाही उपयोगी पडतो. मात्र त्याच्या भरवशावर प्रवासास निघणाऱ्याने नेटवर्कचा भरवसा धरू नये. सह्याद्रीच्या घाटांत आणि कोकणातील अनेक वळणांवर मोबाइलचा संकेत क्षीण होतो किंवा नाहीसा होतो, आणि चित्र नेमके अशा जागी थांबले म्हणजे मुलांचा तगादा सुरू होतो. घरच्या वायफायवर कार्यक्रम आधी उतरवून घ्यावेत. त्यांतही चित्रपट पुरवणाऱ्या सेवांवरून उतरवलेल्या कार्यक्रमांना पुष्कळदा ठराविक मुदत असते, ती संपली की ते उघडत नाहीत, म्हणून निघण्याच्या आदल्या रात्री इंटरनेट बंद करून प्रत्येक कार्यक्रम उघडतो की नाही याची खातरजमा करावी.

आता पडद्याचा विचार करू. इंचांत सांगितलेले माप हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच्या कर्णाचे असते, त्यामुळे आकारातील खरा फरक आकड्यावरून लक्षात येत नाही. १६:९ प्रमाणाचा ७ इंची पडदा सुमारे १५.५ सेंटीमीटर रुंद आणि ८.७ सेंटीमीटर उंच भरतो, तर १०.१ इंची पडदा २२.४ सेंटीमीटर रुंद आणि १२.६ सेंटीमीटर उंच. म्हणजे कर्ण तीन इंचांनी वाढला तरी क्षेत्रफळ दुपटीहून किंचित अधिक होते. एकट्या मुलासाठी ७ इंच पुरतात. दोन मुलांनी एकत्र पाहावयाचे असेल तर १० इंचांखाली उतरू नये. जुन्या चित्रपटांच्या रसिकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्रभातच्या काळातील चित्रपट जवळजवळ ४:३ प्रमाणात चित्रित होत. ते आजच्या रुंद पडद्यावर पाहताना चित्र पडद्याच्या तीन-चतुर्थांश रुंदीतच बसते आणि दोन्ही बाजूंस काळे पट्टे राहतात. उलट सिनेमास्कोप पद्धतीचा चित्रपट पूर्ण रुंदी व्यापतो, पण उंचीचा सुमारे तीन-चतुर्थांश भागच वापरतो. दोन्हींसाठी पडद्याचा चौथा हिस्सा सोडून द्यावा लागतो, हे गृहीत धरून माप ठरवावे.

चित्राची स्पष्टता बिंदूंच्या संख्येवर अवलंबून असते. पण किती बिंदू पुरेसे, याचे उत्तर डोळ्याच्या शक्तीत आणि बसण्याच्या अंतरात आहे. निरोगी डोळ्याला अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन ओळखता येतो. मागच्या आसनावरून पुढील आसनाच्या पाठीवरचा पडदा साधारण ६५ सेंटीमीटरवर असतो, आणि त्या अंतरावर हा कोन ०.१९ मिलिमीटर लांबी व्यापतो. याहून मोठे बिंदू वेगवेगळे दिसू लागतात, याहून लहान बिंदू एकमेकांत मिसळून चित्र सलग भासते. ७ इंची पडद्याच्या रुंदीत ८०० बिंदू असले तर प्रत्येक बिंदू या मर्यादेच्या सीमेवर येतो. अनेक स्वस्त यंत्रांत असतात तसे ४८० असले तर बिंदू ०.३२ मिलिमीटरचा होऊन चित्र जाळीदार दिसते. १०.१ इंची पडद्याला त्याच न्यायाने सुमारे १२०० बिंदू लागतात, म्हणून बाजारातील १२८० गुणिले ८०० हे परिमाण तेथे योग्य होय. त्याहून कितीतरी अधिक बिंदूंसाठी जादा पैसे मोजल्यास ते गाडीच्या मागच्या आसनावरून दिसणार नाहीत. वेष्टनावर ‘हाय डेफिनिशन’ असे छापलेले असले तरी तेवढ्यावर विसंबू नये. ते पुष्कळदा यंत्र कोणत्या प्रतीची फाइल स्वीकारते, एवढेच सांगते. पडद्याचे स्वतःचे बिंदू किती, हा प्रश्न निराळा विचारावा.

स्पष्टतेइतकेच महत्त्व उजेडाला आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी पुढील व मागील काचांतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे असे ठरवले, आणि २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवर काळी फिल्म चिकटवण्यास मनाई केली. तेव्हा गाडीतला दिवसाचा उजेड गृहीत धरूनच यंत्र निवडणे भाग आहे. पडद्याची दीप्ती ‘निट’ या एककात सांगतात. २५० निटचा पडदा घरात सुखद वाटला तरी उन्हात निस्तेज होतो, गाडीसाठी ४०० किंवा अधिक निटची अपेक्षा ठेवावी. काचेसारख्या चकचकीत पृष्ठभागावर खिडकीचे प्रतिबिंब पडते, खरबरीत पृष्ठभागावर ते विखुरते. शिवाय स्वस्त पडद्यांत बाजूने पाहिल्यास रंग उलटे-पालटे होतात. आयपीएस जातीच्या पडद्यात हा दोष फार कमी असतो, आणि मधोमध लावलेल्या एका पडद्याकडे दोन मुले दोन कोपऱ्यांतून पाहणार असतील तर ही जात आवश्यक मानावी.

बॅटरीचा हिशोब करताना प्रवासाचे तास आणि पाहण्याचे तास यांत गल्लत होते. मुंबई ते सावंतवाडी हा सुमारे पाचशे किलोमीटरांचा रस्ता कापण्यास दिवस मोडत असला, तरी मुलांनी पडद्यासमोर बसावे असे तास त्यांत दोन-तीनच असतात. क्षमता मोजण्याचे खरे माप वॉट-तास हे आहे. व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार केला की ते मिळते. ७.४ व्होल्ट आणि २००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १४.८ वॉट-तासांची झाली; प्लेअर ७ वॉट खात असेल तर ती दोन तासांच्या थोडी पलीकडे जाईल, म्हणजे एक चित्रपट कसाबसा पुरा होईल. लिथियम-आयन बॅटरी सुमारे पाचशे वेळा भरून रिकामी झाली की तिची क्षमता मुळाच्या चार-पंचमांशावर येते, म्हणून गरजेपेक्षा एक-दोन तास अधिक चालणारी बॅटरी घ्यावी. मोटारीच्या खोबणीतून १२ व्होल्ट मिळतात, मोठ्या बसमध्ये मात्र बहुधा २४. चार्जर कोणत्या दाबासाठी आहे हे न वाचता तो जोडणे धोक्याचे. विमानप्रवासात पॉवर बँक हातातल्या सामानातच न्यावी लागते आणि १०० वॉट-तासांपर्यंत सामान्यतः वेगळी परवानगी लागत नाही. २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ३.७ व्होल्टच्या हिशोबाने ७४ वॉट-तासांची असल्याने या मर्यादेत बसते. बॅटरीचा मोठा शत्रू उष्णता होय. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत तापमान पाहता पाहता ५० अंशांच्या पुढे जाते. जेवणासाठी उतरताना यंत्र गाडीत ठेवू नये.

यंत्र कोठे बसवावे, हा प्रश्न सुरक्षिततेचा असल्यामुळे त्यात सवलत नाही. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अकस्मात थांबली तर आतली सुटी वस्तू त्याच वेगाने पुढे फेकली जाते, आणि तो वेग सुमारे २५ मीटर, म्हणजे आठ मजल्यांच्या उंचीवरून पडलेल्या वस्तूच्या वेगाएवढा असतो. एक किलो वजनाचा प्लेअर मांडीवर, पाठीमागच्या फळीवर किंवा दोन आसनांमध्ये नुसता टेकवून ठेवणे म्हणजे पुढे बसलेल्यांच्या डोक्यावर टांगती जोखीम ठेवणे होय. पुढील आसनाच्या हेडरेस्टच्या दांड्यांना बंदांनी किंवा पक्क्या पकडीने यंत्र जखडावे, पकड हाताने हिसडा देऊन तपासावी, आणि एअरबॅग उघडण्याच्या मार्गात काहीही बसवू नये. पडदा चालकाच्या दृष्टीस कोणत्याही कोनातून, आरशातूनसुद्धा, पडता कामा नये. चालकाला दिसेल अशा जागी चित्रपट चालवण्यास ब्रिटनने १९८६ च्या वाहन नियमांत मनाई केली आहे, आणि असा नियम प्रत्येक कुटुंबाने आपल्या गाडीपुरता स्वतःहून अंमलात आणावा.

ध्वनीचेही असेच. यंत्राचा आवाज मोकळा सोडला तर चालकाचे अवधान ढळते. हेडफोन दिले तर मुलांच्या कानांची काळजी घ्यावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित श्रवणाच्या मानकात मुलांसाठी आठवड्याला ४० तास ७५ डेसिबेल ही मर्यादा धरली आहे, तर प्रौढांसाठी ८०. धावत्या गाडीचा घोष बराच असल्यामुळे मूल त्यावर मात करण्यासाठी आवाज वाढवीत जाते. कान पुरते झाकणारे हेडफोन बाहेरचा घोष अडवतात, म्हणून कमी आवाजातही संवाद ऐकू येतात. आवाजाला आतूनच मर्यादा घातलेले, मुलांच्या मापाचे हेडफोन घ्यावेत आणि प्लेअरला दोन हेडफोनांची सोय आहे ना, हे पाहावे.

या सर्वांहून अधिक विचार मुलाच्या प्रकृतीचा करावयास हवा. गाडी लागते ती इंद्रियांच्या परस्परविरोधी साक्षींमुळे. अंतःकर्णातील अर्धवर्तुळाकृती नलिका शरीर वळत असल्याचे सांगतात, आणि पडद्यावर खिळलेले डोळे सारे स्थिर असल्याची ग्वाही देतात. दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास अधिक होतो. पडदा मांडीवर असला की मान खाली जाते, खिडकी दृष्टीआड होते आणि मळमळ वाढते; तो डोळ्यांच्या पातळीवर असला तर दृष्टीच्या कडेला क्षितिज राहते आणि त्रास कमी होतो. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गाच्या ७०१ किलोमीटरांत लांबच लांब सरळ पट्टे आहेत, तेथे एखादा चित्रपट सुखाने पाहून होतो. कशेडी, आंबा किंवा वरंधा घाटाच्या वळणांवर मात्र पडदा बंद करावा आणि त्याच यंत्रावर गोष्टी आणि गाणी नुसती ऐकवावीत. वयाचेही तारतम्य हवे. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसात तासाभराहून अधिक नको, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. प्रवास आहे म्हणून तिला मुरड घालण्याचे कारण नाही. खिडकीबाहेर कृष्णा, कोयना आणि वाशिष्ठी यांची पात्रे जातात, भात आणि ऊस यांची शेते बदलतात, बोलीही बदलत जाते. हे सर्व मुलाने पाहावे आणि कंटाळा येईल तेव्हा यंत्राने आधार द्यावा, अशी कामाची वाटणी केली तर दोन्हींचा लाभ होतो.

या विवेचनावरून निर्णय पुढीलप्रमाणे निघतो. दोन मुलांच्या आणि मोटारीने दूर जाणाऱ्या कुटुंबाने १०.१ इंची, १२८० गुणिले ८०० बिंदूंचा, आयपीएस पडद्याचा, कार्ड घेणारा आणि पाच तास चालणारा टॅबलेट किंवा प्लेअर घ्यावा व तो हेडरेस्टला पक्का बांधावा. ज्यांचा तबकड्यांचा संग्रह मोठा आहे, त्यांनी सर्व विभागांच्या तबकड्या वाचणारा, धक्कारोधक स्मृतीचा आणि पेनड्राइव्हचीही जागा असलेला डीव्हीडी प्लेअर घ्यावा. रेल्वेने किंवा एसटीने एकट्याने जाणाऱ्याला खिशातला मोबाइल आणि चांगले हेडफोन पुरेसे आहेत. त्याने निराळे यंत्र घेऊन ओझे वाढवू नये. खरेदीस जाताना आपला पेनड्राइव्ह आणि आपली तबकडी बरोबर न्यावी, यंत्र दुकानाच्या दारात, दिवसाच्या उजेडात आणून दहा मिनिटे चालवून पाहावे, बाजूने पाहावे, हलवून पाहावे, बॅटरीचे वॉट-तास विचारावेत आणि हमीची मुदत बिलावर लिहून घ्यावी. एवढी परीक्षा करू देण्यास जो दुकानदार राजी नसेल, त्याच्याकडून हा जिन्नस घेऊ नये.